मदतीला धावण्याआधी मुलांना काय शिकवावे

मदत करण्याची ऊर्मी मुलांच्या अंगी मुळातच असते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अवघ्या १८ महिन्यांची मुले, कोणी सांगितलेले नसताना, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देत होती. त्यांच्याच २००८ सालच्या अभ्यासात असे दिसले की, मदतीबद्दल वस्तुरूपाने बक्षीस मिळालेली मुले पुढे कमी मदत करू लागली. नुसत्या शाबासकीने मात्र तसे झाले नाही. तेव्हा आजीचा चष्मा आणून दिल्याबद्दल चॉकलेट देण्याची प्रथा घरात पाडू नये. आपल्याला शिकवायचा आहे तो विवेक: कोठे स्वतः हात लावायचा, कोठे आधी विचारायचे आणि कोठे केवळ मोठ्या माणसाला हाक मारायची.

आरंभ विचारण्यापासून करावा. बडोद्याच्या रावपुऱ्यातील गर्दीत एखादी अंध व्यक्ती रस्त्याच्या कडेला उभी दिसली की उत्साही मूल थेट तिचा हात धरते किंवा काठी ओढते, आणि ती व्यक्ती दचकते. मुलाला सांगावे की आधी समोर जाऊन बोलावे, ‘तुम्हाला रस्ता ओलांडायचा आहे का?’ असे विचारावे, होकार आल्यास आपले कोपर त्यांना धरू द्यावे आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. नकार आल्यास तो अपमान नव्हे, हेही तेव्हाच समजावून द्यावे. अर्थात हा सराव वडीलधाऱ्यांच्या सोबतीने व्हायचा. स्वतः रस्ता ओलांडण्याचे ज्याचे वय नाही, त्याने दुसऱ्याला रस्ता ओलांडून देऊ नये.

बडोद्यात या शिक्षणाची खरी कसोटी उत्तरायणात, म्हणजे मकरसंक्रांतीच्या पतंगांच्या सणात, लागते. मांजाने पंख कापलेले कबुतर गच्चीवर पडले की मुले त्याच्याभोवती जमतात; एक जण दोरा ओढतो, दुसरा चोचीत पाणी ओततो, आणि या दोन्ही गोष्टींनी पक्ष्याचे हालच वाढतात. दोरा ओढल्याने जखम अधिक चिरते आणि ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला क्रम शिकवावा: प्रथम घरातील मोठ्यांना बोलवायचे, त्यांनी पक्ष्यावर सुती कापड अलगद टाकून, त्याला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून, ते खोके शांत व अंधाऱ्या जागी ठेवायचे आणि १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. गुजरातेत हा क्रमांक पशुपक्ष्यांच्या उपचारासाठी आहे. येथे मुलाचे काम खोके शोधून आणण्याचे, इतरांना मागे सारण्याचे आणि गलका थांबवण्याचे असते, आणि ते काम दुय्यम आहे असे त्याला कधीही वाटू देऊ नये. पक्षी विजेच्या तारेवर किंवा कठड्यापलीकडे अडकला असेल, तर मात्र काठी, गज, हात यांपैकी काहीही पुढे करायचे नाही, हा नियम सणाच्या आदल्या दिवशीच पक्का करावा. ऐन धांदलीत कोणी कोणाचे ऐकत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर याहूनही कडक असावे. विश्वामित्री नदी शहराच्या मधोमध, सयाजीबागेला लागून वाहते, तिच्यात मगरी आहेत आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीतही शिरल्या होत्या. पाण्यात पडलेल्या सवंगड्यामागे उडी घालणारे मूल शूर म्हणवले जाते, पण बुडणारा जीव घाबरून वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो आणि दोघेही बुडतात. म्हणून काठावरून ओरडायचे, मोठ्यांना बोलवायचे आणि जवळ असेल ते तरंगणारे काही, अगदी बूच लावलेला रिकामा पाण्याचा कॅन असला तरी, त्याच्याकडे फेकायचे, एवढेच शिकवावे. पाण्यात पाऊल टाकायचे नाही. शूर बालकांच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग बहुधा गाळतो, आणि मला वाटते, तेथेच आपले चुकते.

अनोळखी मोठ्या माणसाने मदत मागितली तर काय करावे, हा प्रश्न वेगळा आहे. पत्ता हवा असलेला, हरवलेले कुत्र्याचे पिल्लू शोधणारा किंवा सामान गाडीपर्यंत पोचवायला सांगणारा प्रौढ माणूस खरे तर दुसऱ्या प्रौढाला विचारू शकतो. ‘मी आईला बोलावतो’ असे म्हणून मागे फिरणे ही उद्धटपणाची गोष्ट नाही, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण ‘मोठ्यांना नाही म्हणू नये’ असे आपणच त्याला शिकवलेले असते.

शाळेतील मदतीबद्दल थोडक्यात सांगता येईल. गणित समजावून देणे ही मदत आहे, वही उतरवायला देणे नव्हे. मैत्रिणीने ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीत मारहाण, नकोसा स्पर्श किंवा जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याचा विचार असेल, तर ते गुपित राखायचे नाही. ते आईवडिलांना किंवा विश्वासाच्या शिक्षकांना सांगायचे. कोणत्याही मुलाला स्वतःसाठी अथवा दुसऱ्या मुलासाठी १०९८ या हेल्पलाइनवरही बोलता येते.

शेवटी फोनचा सराव. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक पाठ असणे पुरेसे नसते. घाबरलेल्या मुलाला स्वतःच्या घराचा पत्ताही आठवत नाही. म्हणून बंद फोन हातात देऊन, नाव, काय घडले, पोळ (जुन्या शहरातील गल्ली) किंवा सोसायटीचे नाव आणि जवळची ठळक खूण, असे सगळे त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांकडून हेच एकदा गुजरातीतही वदवून घ्यावे. समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हेही त्यातच सांगावे. पुढे कधी मुलाने विनाकारण घाबरून शेजारच्या काकांना बोलावले, तर त्याला चारचौघांत हसू नये. नाहीतर पुढच्या खेपेला ते गप्प राहील.