रेकॉर्ड आहे तरी ट्रक चालवायचाय? अमेरिकेत सीडीएलचं काम कसं शोधायचं

अमेरिकेत केस होऊन आत राहून आलेल्या माणसाला कोणीतरी हमखास सांगतं की ट्रक चालव, तिथे कोण विचारतंय. आणि दुसरा कोणीतरी लगेच सांगतो की फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा असला की सीडीएल विसर. दोघंही चुकीचे. विचारतात, सगळेच विचारतात, आणि सीडीएल म्हणजे कमर्शियल लायसन्स तरीही बहुतेकांना मिळतंच. मी एका छोट्या ट्रकिंग कंपनीच्या ऑफिसात काही वर्षं भरतीचे फॉर्म बघायचो, तिथे एक गोष्ट पक्की कळली, की कायदा फार थोड्या जणांना अडवतो, जास्त करून अडवतो तो कंपनीचा इन्शुरन्सवाला आणि ज्याचा माल न्यायचाय तो कस्टमर. त्यामुळे आपण नक्की कुणाच्या नियमात अडकतोय हे आधी शोधायचं. ते न कळताच लोक चाळीस ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरतात आणि चाळीस नकार घेऊन बसतात.

तर पहिलं काम, स्वतःचे कागद स्वतः मागवा. एफबीआयकडून स्वतःचं रेकॉर्ड १८ डॉलरला मिळतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि ज्या राज्यात केस झाली तिथल्या कोर्टातून निकालाची कॉपी घ्या. मग डीएमव्ही म्हणजे राज्याच्या लायसन्स ऑफिसातून ड्रायव्हिंग रेकॉर्ड, ज्याला हे लोक एमव्हीआर म्हणतात. आधी ट्रक चालवलेला असेल तर पीएसपी रिपोर्ट पण काढा, १० डॉलर लागतात, त्यात ५ वर्षांचे अ‍ॅक्सिडेंट आणि ३ वर्षांची रोडसाइड इन्स्पेक्शन असतात. हे सगळं कशाला, तर केस रद्द झालेली असूनही रेकॉर्डवर नुसती अटक दिसतेय आणि पुढे निकालाची जागा कोरी, असं कितीदा तरी निघतं. कंपनीला ती केस चालूच आहे असं वाटतं आणि फॉर्म बाजूला पडतो. कोर्टाची कॉपी हातात असली की पाच मिनिटांत मिटणारी गोष्ट आहे ही.

आता कायदा कुठे अडवतो ते बघू. फेडरल नियमात मुख्य प्रश्न असा असतो की गुन्ह्यात गाडी होती का. कमर्शियल गाडी वापरून, किंवा सीडीएल असताना स्वतःची कार वापरून, फेलनी केली असेल तर पहिल्या वेळी सीडीएल १ वर्ष जातं, गाडीत हॅझमॅट म्हणजे धोकादायक माल असेल तर ३ वर्षं, आणि दुसऱ्यांदा झालं तर आयुष्यभराची बंदी. आयुष्यभराची म्हणतात पण १० वर्षांनी राज्य ती उठवू शकतं. दोन गोष्टींना मात्र ही सवलत नाही, गाडी वापरून ड्रग्ज बनवणं-विकणं आणि ट्रक वापरून ह्यूमन ट्रॅफिकिंग. त्यात सापडला असाल तर हा धंदा सोडाच, दुसरं काहीतरी बघा, मी उगाच आशा लावणार नाही.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसचंही तसंच, सीडीएल असताना ती स्वतःच्या कारमध्ये झाली तरी सीडीएलला लागते, पहिल्यांदा १ वर्ष, दुसऱ्यांदा आयुष्यभर. आणि वकील म्हणाला की रेकॉर्डवरून काढून टाकू तरी सीडीएलवाल्याची ट्रॅफिकची शिक्षा लपवायला राज्यांना फेडरल नियमाने मनाई आहे, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. चोरी, मारामारी, चेकचा घोटाळा, घरात सापडलेले ड्रग्ज, असलं जे गाडीबाहेर झालं त्याने फेडरल नियमात साधं सीडीएल जात नाही. म्हणजे लायसन्स मिळेल, प्रश्न पुढचा आहे.

पुढचा म्हणजे हॅझमॅट आणि ट्विक कार्ड, म्हणजे बंदरात शिरायचं कार्ड. टँकरमध्ये पेट्रोल न्यायचं किंवा बंदरात एकट्याने आत जायचं तर टीएसए म्हणजे फेडरल वाहतूक सुरक्षा खात्याची तपासणी लागते आणि त्यांची यादी कडक आहे. खून, दहशतवाद, हेरगिरी, स्फोटकं असल्या गुन्ह्यांना बंदी कायमची. बाकी दरोडा, ड्रग्ज विकणं, हत्यारं, आग लावणं, फसवणूक, लाच वगैरेंसाठी हिशोब असा की शिक्षा होऊन ७ वर्षं उलटली पाहिजेत आणि तुरुंगातून सुटून ५ वर्षं. दोन्ही. हे न बघता हॅझमॅटची फी भरून येतात लोक आणि मग हळहळतात. तारीख जवळ आली असेल तर थांबा, आणि नकार आलाच तर अपील आणि वेव्हर म्हणजे सूट मागणं असे दोन मार्ग आहेत, पत्रात मुदत दिलेली असते ती चुकवू नका. तोपर्यंत साध्या मालाचं काम करा, हॅझमॅट नाही म्हणून काही अडत नाही.

ड्रग टेस्टचं प्रकरण वेगळ्या वहीत असतं. ६ जानेवारी २०२० पासून क्लिअरिंगहाऊस नावाचा फेडरल डेटाबेस आहे, त्यात फेल झालेली किंवा नाकारलेली टेस्ट ५ वर्षं राहते, आणि ठरलेली प्रक्रिया पुरी केली नसेल तर ५ वर्षांनंतरही जात नाही. नोव्हेंबर २०२४ पासून तर त्यात अडकलेल्या माणसाचं सीडीएल राज्यालाच काढून घ्यावं लागतं. तुमचं नाव तिथे असेल तर आधी सॅप म्हणजे त्या कामासाठी नेमलेला समुपदेशक गाठा, तो सांगेल ते करा, मग रिटर्न टू ड्युटी म्हणजे कामावर परतण्याआधीची टेस्ट, मग पहिल्या १२ महिन्यांत कमीत कमी ६ अचानक टेस्ट. आणि राज्यात गांजा कायदेशीर आहे हे कारण इथे चालत नाही, चालवणार पण नाहीत.

पॅरोल किंवा प्रोबेशनवर असाल तर ऑफिसरशी आधी बोला, कंपनीशी नंतर. राज्याबाहेर जायला परवानगी लागणार असेल तर ४८ राज्यांत फिरणारं काम घेऊन उपयोग काय, डिस्पॅचर रात्री लोड देणार आणि तुम्ही ऑफिसरच्या फोनची वाट बघणार. अशा वेळी राज्याच्या आतलं काम बरं, डंप ट्रक, काँक्रीट मिक्सर, कचऱ्याची गाडी, बांधकामाचा माल. रोज घरी येता आणि यात मालक बरेचदा स्वतः भेटतो. कॅनडाच्या लोडला तर दारूची केस असलेल्याने हातच लावू नये, डिसेंबर २०१८ पासून तिकडे तो गंभीर गुन्हा धरतात आणि सीमेवरून परत पाठवतात.

आपल्यातल्या ग्रीन कार्डवाल्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, केस अजून चालू असेल आणि वकील म्हणत असेल की प्ली घेऊन, म्हणजे गुन्हा कबूल करून, मोकळे व्हा तर सही करायच्या आधी इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते विचाराच. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी निकालापासून ते सांगणं वकिलाचं कामच आहे. नोकरी नंतर बघू, आधी देशात राहायला मिळालं पाहिजे.

आता कंपनी शोधणं. मोठ्या कंपन्यांचे नियम छापील असतात, फेलनी ५ वर्षं जुनी पाहिजे, ७ वर्षं, १० वर्षं, अमुक गुन्हा कधीच नाही. हे आकडे प्रत्येकाचे वेगळे आणि बदलत राहतात, म्हणून नेटवर फिरणाऱ्या 'फेलनी चालणाऱ्या कंपन्या' टाइप याद्यांवर विसंबू नका. फॉर्म भरायच्या आधी रिक्रूटरला फोन करा आणि पहिल्या मिनिटात सांगा: माझी २०१९ ची एक फेलनी आहे, चोरीची, गाडीचा संबंध नाही, शिक्षा पूर्ण झालीय, ड्रायव्हिंग रेकॉर्ड क्लीन आहे, तुमच्या नियमात बसतं का? बस एवढंच. वर्ष, प्रकार, गाडी होती की नव्हती, सध्या काय. तुमची सगळी कहाणी त्याला नकोय, त्याच्यासमोर स्क्रीनवर चौकोन आहेत ते त्याला भरायचेत. नाही म्हणाला तर किती वर्षांनी चालेल ते विचारून तारखेसकट वहीत लिहून ठेवा. दहा पंधरा फोन झाले की तुमचा नकाशाच तयार होतो.

छोट्या कंपन्यांत, पाच-दहा ट्रकवाल्यांकडे, मालक ठरवतो पण इन्शुरन्सवाला हो म्हणाला तरच. त्यामुळे तिथे प्रश्न असा विचारा की तुमचा इन्शुरन्स माझ्या एमव्हीआरवर मला घेईल का, कारण बऱ्याचदा त्याला जुन्या चोरीपेक्षा तीन वर्षांतले स्पीडिंगचे तिकीट जास्त खुपतात. फ्लॅटबेड म्हणजे उघड्या ट्रेलरचं काम, गुरांची ने-आण, तेलाच्या विहिरींकडचं काम अशा कष्टाच्या कामात माणसं टिकत नाहीत, तिथे दार उघडं असायची शक्यता जास्त. औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, लष्कराचे तळ इथे कस्टमरच नाही म्हणतो, कंपनीची कितीही इच्छा असली तरी.

फॉर्मवर खोटं लिहू नका. हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, आम्ही ज्यांना काढलं त्यातले बरेच गुन्ह्यामुळे नाही तर 'नाही' वर टिक केल्यामुळे गेले आणि त्यातल्या काहींची केस आमच्या नियमात बसत होती! वर ते पुढच्या कंपनीलाही कळतं. पण प्रश्न नीट वाचा. '७ वर्षांत शिक्षा झाली का' असं विचारलं असेल तर ७ वर्षांचंच उत्तर द्या, आणि अटक व शिक्षा हे दोन वेगळे शब्द आहेत. सीडीएलच्या नोकरीच्या फॉर्मवर मागच्या ३ वर्षांच्या सगळ्या नोकऱ्या आणि त्याआधीच्या ७ वर्षांतल्या कमर्शियल ड्रायव्हिंगच्या नोकऱ्या लिहाव्या लागतात. आत होता तो काळ रिकामा सोडू नका, सरळ लिहा. आत किचनमध्ये किंवा फोर्कलिफ्टवर काम केलं असेल तर तेही लिहा, सुपरवायझरचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

बॅकग्राउंड रिपोर्टवरून नकार आला तर कोणत्या एजन्सीचा रिपोर्ट होता ते कंपनीला सांगावं लागतं, आणि तुम्ही ६० दिवसांत मागितला तर तो फुकट मिळतो. चूक असेल तर लेखी तक्रार करा, कोर्टाची कॉपी जोडून. कंपनी कचरत असेल तर फेडरल बॉण्डिंग प्रोग्रॅमचं नाव काढा, १९६६ पासून आहे, पहिल्या सहा महिन्यांसाठी ५,००० डॉलरपासून बॉण्ड म्हणजे मालकासाठी एक प्रकारचा विमा, तुम्हाला नि मालकाला दोघांनाही फुकट. यातून चोरी-अफरातफरीची भीती भागते, ट्रकचा अ‍ॅक्सिडेंट नाही, हे लक्षात ठेवा. छोट्या मालकांना हे माहीतच नसतं, अमेरिकन जॉब सेंटर या सरकारी नोकरी-मदत केंद्रातून कागद घेऊन जा. सीडीएल शाळेची फी भरायला मदत होईल का तेही तिथेच विचारा, फक्त शाळा फेडरल ट्रेनिंग प्रोव्हायडर यादीत आहे ना ते बघा, फेब्रुवारी २०२२ पासून त्याशिवाय गाडी चालवायची टेस्टच देता येत नाही.

रेकॉर्डवाल्या माणसाला लीज-पर्चेस, म्हणजे कंपनीचाच ट्रक हप्त्यावर, गळ्यात मारायला टपलेले खूप असतात, ट्रक तुझाच होईल, आम्ही रेकॉर्ड बघत नाही. दर आठवड्याला हप्ता, डिझेल, इन्शुरन्स कापून हातात चिल्लर उरते आणि सोडलं तर ट्रकही जातो. २०२५ च्या जानेवारीत सरकारनेच नेमलेल्या टास्क फोर्सने हे प्रकार बंदच करा अशी शिफारस केली, यावरून समजा. पहिलं वर्ष पगारावर काढा, माइलचा रेट थोडा कमी असला तरी.

आणि ते वर्ष एकाच ठिकाणी काढा, शक्यतो तिकीट नाही, अ‍ॅक्सिडेंट नाही. वर्ष झालं की पीएसपी परत मागवा, इन्स्पेक्शन नीट चढलीयत का बघा, मग ती वही उघडून ज्यांनी 'नंतर बघू' म्हटलं होतं त्यांना तारखेप्रमाणे एकेक फोन लावा.