पुराआधी गावाचा आपत्ती आराखडा असा करा

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या बऱ्याच गावांचा आपत्ती आराखडा ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असतो. पहिल्या पानावर सरपंच आणि तलाठ्याचे नंबर, शेवटच्या पानावर ‘बॅटरी, मेणबत्ती, प्रथमोपचार पेटी जवळ ठेवावी’. हे सांगायला आराखडा लागत नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्य प्राधिकरणाचं अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आणि जिल्हा प्राधिकरणाचं जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आहे. धरणाचा विसर्ग, नदीची पातळी, बोटी, जवान, निवाऱ्याची सोय, हे सगळं त्या यंत्रणेकडून येतं. पण कुठल्या गल्लीत आधी पाणी शिरतं हे कलेक्टर कचेरीत बसून कुणाला कळणार? ते गावाने लिहून द्यायचं, तेही मे महिन्यात.

समिती ग्रामसभेत नेमा. पोलीस पाटील आणि आशाताई त्यात हव्यातच. अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बायका, तान्ही बाळं आणि डायलिसिसवाले यांची घरवार यादी आशाताईंकडून करून घ्या.

आता खरं अवघड काम: पातळीचा तक्ता, म्हणजे नदीच्या कुठल्या आकड्याला गावातली कुठली जागा बुडते त्याची नोंद. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. हे आकडे त्या-त्या जागेचे आहेत. ‘अजून 45 कुठं झालेत, बसा निवांत’ म्हणणारा प्रत्येक गावात भेटतो. त्याचं अजिबात ऐकू नका. तुमच्या ओढ्यावरची मोरी त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेलेली असू शकते.

2019 च्या पुराची खूण कुठल्या भिंतीवर होती, हे जुन्याजाणत्यांना विचारा. गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन त्या खुणेपासून मोरी, खालची आळी, शाळेची पायरी किती फूट खाली आहे ते मोजा. त्या वर्षी आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. मोरी खुणेच्या 15 फूट खाली असेल, तर 42 च्या आसपास रस्ता बंद होणार असं धरा. हा हिशेब ढोबळ आहे, कारण नदीचा उतार सगळीकडे सारखा नसतो. म्हणून दर पावसाळ्यात मोरीला पाणी लागलं की त्याच वेळचा आयर्विनचा आकडा वहीत टिपा. दोन-तीन पावसाळ्यांत तक्ता पक्का होतो. शिरोळ तालुक्यात एका आकड्यावर भागत नाही. नृसिंहवाडीला दोन्ही नद्या मिळतात, आणि कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी मागे फुगतं. तिथे आयर्विन आणि राजाराम, दोन्हींचे रकाने ठेवा.

गाव सोडायची वेळ उंबऱ्यावरून ठरवू नका, रस्त्यावरून ठरवा. मोरी बुडण्याच्या दोन फूट आधी शेवटची गाडी गावाबाहेर पडलीच पाहिजे. रस्ता गेला की उरते ती बोट, आणि भरल्या पुरात बोटीचा भरवसा धरायचा नसतो. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावाबाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि माणसं बुडाली.

माणसं अडून बसतात ती बहुतेक वेळा जनावरांपायी. म्हणून जनावरं आदल्या दिवशी हलवा. कुठल्या गावच्या कुठल्या माळावर, वैरण कुणाची, टेम्पो कुणाचा, हे नावानिशी लिहा. म्हैस सुखरूप आहे म्हटल्यावर म्हातारा आपण होऊन गाडीत बसतो.

आराखडा तहसीलदार कचेरीत द्या आणि आवक नंबर-शिक्क्यासह पोच घ्या. एका कचेरीत ‘पाहून ठेवतो’ म्हणून घेतलेला कागद पुराच्या रात्री कुणाला सापडला नव्हता. बोट, लाइफ जॅकेटं, निवाऱ्याच्या शाळेच्या किल्ल्या, जे हवं ते त्याच अर्जात मागा. तोंडी मागणीची कुठेच नोंद राहत नाही.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि राज्याचा 1070 चावडीच्या भिंतीवर रंगवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात भोंगा वाजवून एकदा रंगीत तालीम घ्या.

पाणी ओसरलं की भिंती धुण्याआधी पंचनाम्यासाठी फोटो काढा. मग पाण्याच्या रेषेवर ऑइलपेंटने पट्टा मारा आणि शेजारी तारीख व आयर्विनचा त्या दिवशीचा सर्वांत मोठा आकडा लिहा. पुढचा तक्ता त्यावरूनच दुरुस्त करायचा आहे.