कर्नलमधून जुन्या हार्डवेअरचा कोड काढताना या चुका टाळा

हार्डवेअर किती जुने आहे, यावरून त्याचा कोड काढायचा की ठेवायचा हे ठरवणे ही लिनक्सच्या कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) कोड काढण्याच्या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. २०१८ मध्ये लिनक्स ४.१७ मधून ब्लॅकफिन, टाइल, क्रिस यांसह आठ प्रोसेसर आर्किटेक्चर वगळली गेली. १९७९ मध्ये आलेल्या मोटोरोला ६८००० च्या कुळाचा कोड मात्र राहिला, कारण तो सांभाळणारी माणसे होती. म्हणून मेंटेनर्स फाइलमधली (कोणता भाग कोण सांभाळतो याच्या यादीतली) व्यक्ती अजून उत्तर देते का आणि गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातले अलीकडचे बदल त्या हार्डवेअरवर चालवून पाहिलेले आहेत की सगळीकडे सरसकट केलेल्या दुरुस्तीचा भाग आहेत, हे आधी तपासावे.

प्रत्यक्ष उपकरण बाजारातून गेले, एवढा पुरावाही पुरेसा नाही. फ्लॉपी कंट्रोलर किंवा आरटीएल८१३९ नेटवर्क कार्ड यांचे अनुकरण क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम करतो, त्यामुळे त्यांचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरले जातात. पीकेटीसीडीव्हीडी हा सीडी-डीव्हीडीवर लिहिण्यासाठीचा ड्रायव्हर ६.२ च्या विकासकाळात काढला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये कर्नलमध्ये परत घ्यावा लागला. प्रत्येक ड्रायव्हर स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदलेल्या एका बदलात) काढला, तरच अशी माघार सोपी जाते.

दुसरी मोठी चूक म्हणजे ड्रायव्हरची फाइल पुसून काम संपले असे मानणे. खरा भार बहुधा सामायिक कोडमध्ये असतो. ३८६ प्रोसेसरवर कर्नल स्वतः लिहीत असताना मेमरी पेजवरचे ‘केवळ वाचनासाठी’ हे बंधन लागूच होत नसे. म्हणून यूजरस्पेसमध्ये (सामान्य प्रोग्रॅमच्या मेमरीत) लिहिण्यापूर्वी ते पेज लिहिण्याजोगे आहे का, याची तपासणी सॉफ्टवेअरला करावी लागे, आणि कंपेअर-एक्स्चेंज ही (मूल्य तपासून एकाच पायरीत बदलणारी) इन्स्ट्रक्शन नसल्यामुळे तिचीही पर्यायी सोय ठेवावी लागे. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत ३८६ गेला, तेव्हाचा खरा लाभ ही वळणे नाहीशी होण्यात होता. असे अवशेष शोधताना कंपायलरवर विसंबू नये. केकॉन्फिगमधून (कर्नलमध्ये काय घ्यायचे ते ठरवणाऱ्या ऑप्शनच्या यादीतून) एखादा ऑप्शन गेला, तरी त्याच्यावर अवलंबून असलेल्या अटी सी कोडमध्ये तशाच राहतात, त्या कायम असत्य ठरतात आणि कोणतीही सूचना मिळत नाही. त्यामुळे ऑप्शनचे नाव गिट ग्रेप या शोध-कमांडने कोडच्या संपूर्ण वृक्षात, डेफकॉन्फिग (तयार कॉन्फिग फाइल) आणि डॉक्युमेंटेशनसह, शोधावे आणि ऑलमॉडकॉन्फिगने (शक्य ते सारे ऑप्शन मॉड्यूल म्हणून निवडणाऱ्या कॉन्फिगने) अनेक आर्किटेक्चरसाठी बिल्ड करून पाहावे.

यूजरस्पेससाठी प्रसिद्ध केलेल्या हेडर फाइल मात्र त्याच झपाट्यात काढू नयेत. ड्रायव्हर गेला तरी त्या हेडरवर कंपाइल होणारे प्रोग्रॅम मागे उरलेले असू शकतात.

बदलानंतर एखादे यंत्र सुरूच होत नसेल, तर प्रथम जुनी आणि नवी कॉन्फिग फाइल शेजारी ठेवून पाहावी, कारण अस्तित्वात नसलेला ऑप्शन ओल्डकॉन्फिग ही जुन्या कॉन्फिगवरून नवी बनवणारी कमांड गुपचूप गाळते. आयडीई या जुन्या प्रकारच्या डिस्कचा जुना कोड २०२१ मध्ये ५.१४ मधून गेला आणि त्या डिस्कची जबाबदारी पूर्णपणे लिबाटा या कर्नलमधल्याच दुसऱ्या कोडवर आली. तिथे योग्य ड्रायव्हर निवडलेला आणि इनिटरॅमएफएसमध्ये (सुरू होताना आधी लोड होणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) घातलेला आहे का, हे पाहावे. शिवाय ‘एचडीए’ डिस्क आता ‘एसडीए’ या नावाने दिसते, म्हणून एफएसटॅबमध्ये (डिस्क जोडण्याच्या यादीत) आणि बूटलोडरमध्ये यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) वापरणे सुरक्षित.

ज्यांना ते हार्डवेअर चालवायचेच आहे, त्यांच्यासाठी कोड असलेली शेवटची दीर्घकालीन (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती कमिटच्या संदेशातच नोंदवावी. इटॅनियम या प्रोसेसरचा कोड ६.७ मधून वगळला, पण दीर्घकालीन ६.६ मध्ये तो आहे.