लेकरू होस्टेलला निघतं तेव्हा

वालचंद, विलिंग्डनसारखी कॉलेजं गावात असूनही आमच्या सांगलीतली बरीच मुलं बारावी झाली की पुण्या-मुंबईची वाट धरतात. माझी थोरली पुण्याला गेली, यंदा धाकटा मुंबईला निघाला. शेजारच्या बायका विचारतात, काय काय दिलंस बरोबर? कशी तयारी केलीस? आणि मग आवाज खाली आणून, तुला करमतं का गं? तिन्हीचं उत्तर एकत्रच लिहिते, कारण माझ्या हातून ती कामं एकत्रच झाली.

आधी कागद. प्रवेशाच्या फेऱ्या आणि कृष्णेचं पाणी, दोन्ही जुलै-ऑगस्टातच येतं. आम्ही गावभागात राहतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे इथलं लहान पोरही सांगतं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर याच दिवसांतले. म्हणून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, लागत असेल तर जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला, सगळं चेनच्या प्लास्टिक फाईलमध्ये घाला आणि फाईल माळ्यावर ठेवा. झेरॉक्सचे दोन संच वेगळे. पाणी चढायला लागलं असेल तर मूल एक-दोन दिवस आधीच निघू द्या.

ही फाईल मात्र मुलालाच लावायला सांगा. खिडकीपुढे रांगेत तोच उभा राहणार आहे, कुठला कागद कुठे आहे हे त्याच्या हाताला माहीत हवं. धाकटा टेबलावर पसारा मांडून बसला होता. अर्जावर त्यानं सही केली, इंग्रजीत, खाली एक तिरकी रेघ ओढून. इतकी वर्षं त्याच्या प्रगतिपुस्तकावर सह्या मीच करत आले. त्याची स्वतःची सही मी पहिल्यांदा पाहिली. मला तिथून उठून आत जावं लागलं.

शिकवायचं ते निकालाची वाट बघतानाच शिकवून टाका. कपडे भिजवणं, बटण लावणं, ताप मोजणं, कुकर लावणं, महिन्याचा खर्च वहीत किंवा फोनवर लिहिणं. यात फार वेळ जात नाही. शेवटच्या आठवड्यावर ठेवलं तर मात्र शिकवताना आपला आवाज चढतो, आणि तो आठवडा भांडणात जाऊ नये असं मला फार वाटतं.

आता डबा. आपल्याला वाटतं सगळंच द्यावं. पण ऑगस्टातल्या दमट खोलीत, फ्रिज नसताना काय टिकेल तेवढंच द्या. ओलं खोबरं घातलेलं काही नको. ठेचा पाणी न लावता, मिरच्या-लसूण तेलावर चांगले परतून केला तरी चार-पाच दिवसांचाच धरा. शेंगदाण्याच्या चटणीत लसूण कच्चा घालू नका, भाजून घाला. साजूक तूप, मेतकूट आणि डंकावरून कांडून आणलेल्या वर्षाच्या चटणीची, म्हणजे आमच्याकडच्या मसाल्याच्या तिखटाची, एक छोटी बाटली द्या. मेसची आमटी फिकी असली तरी चिमूटभर चटणीनं घास खाली उतरतो, हे थोरलीनं सांगितलेलं.

आणि भडंग. सांगलीच्या पोराच्या बॅगेत भडंग नाही असं होत नाही. ते त्याच्याच हातानं करून घ्या. अर्धा किलो भडंगाचे मुरमुरे कढईत मंद आचेवर कोरडेच परतायचे, चिमटीत धरल्यावर तुटले पाहिजेत. वाटीभर तेल तापवून दोन वाट्या शेंगदाणे तळून बाजूला काढायचे. त्याच तेलात दोन गड्डे लसूण, सालासकट ठेचलेला, चांगला कुरकुरीत होईपर्यंत. घाई केली तर लसणातला ओलावा राहतो आणि सगळा डबा मऊ पडतो. मग धुऊन पुसून कोरडा केलेला कढीपत्ता, गॅस बंद, हिंग, हळद. तेल कोमट झालं की मगच तिखट, नाहीतर ते जळून काळं पडतं. मुरमुरे आणि शेंगदाणे घालून हलक्या हातानं सगळीकडे रंग लागेपर्यंत हलवायचं. शेवटी मीठ, दोन-तीन चमचे मेतकूट आणि थोडी पिठीसाखर. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही.

धाकट्यानं लसूण ठेचला तेव्हा त्याच्या बोटांना दोन दिवस वास येत होता. तिखट मी घालते त्याहून जास्त घातलं, मी काही बोलले नाही. ते त्याचं भडंग आहे.

सोडायला घरातलं एखादंच माणूस जा, फार तर दोघं. गादी घालून द्या, कपाट लावायला बसू नका. थोरलीच्या वेळी मी खोलीत उभी होते आणि ती एकटीच ऑफिसात जाऊन किल्ली घेऊन आली, सही करून, शेजारच्या मुलीशी ओळखही करून. माझी छाती भरून आली. आणि आता हिचं माझ्यावाचून अडणार नाही, हेही त्याच घटकेला आत लागलं. दोन्ही खरं आहे. एकाला दाबून दुसरं दाखवायची गरज नाही, मुलांसमोरसुद्धा. परतताना कात्रजपासून साताऱ्यापर्यंत माझे डोळे वाहत होते. ह्यांनी काही विचारलं नाही, साताऱ्याला चहासाठी गाडी थांबवली.

घरी आल्यावर लगेच काही बदलू नका. तांदळाचं माप पहिले काही दिवस चुकणारच, उरलेल्या भाताला फोडणी द्या. दुधाची पिशवी मात्र कमी करा, नासलेलं दूध बघून उगाच जीव खालीवर होतो. फोनची वेळ त्यांना ठरवू द्या. थोरली रात्री जेवण झाल्यावर करते. ‘जेवलीस का’ हा प्रश्न एकदाच विचारा, मग तिला बोलू द्या. आवाज जड वाटला तर लगेच उपाय सांगू नका, ‘शनिवारी येतेस का?’ एवढं विचारा. पुणं जवळ आहे, सांगलीची गाडी मिळते. मुंबईच्या पोराला ते जमणार नाही, त्याला दिवाळीच्या तिकिटाची तारीख आत्ताच सांगून ठेवा.

सुट्टीला आली की पहिल्या दिवशी झोपू द्या. आवडीचे सगळे पदार्थ एकाच दिवशी करू नका. परतीच्या पिशवीत काय हवं ते त्यांना सांगू द्या आणि तेवढंच भरा. मागच्या खेपेला थोरली म्हणाली, ‘आई, लाडू नकोत, भडंगाचे दोन डबे दे, खोलीतल्या मुली वाट बघत असतात.’ मी दोन डबे भरले, आणि मुरमुरे जास्तीचे आणून ठेवायला लागले.