सुनेला कांजिण्या होऊन गेल्यात का?

नातवाच्या अंगावर फोड उठले तेव्हा सून पाचव्या महिन्यात. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, विहीणबाईंनाही आठवेना. आमच्या इंदूरच्या शेजारणी ‘माता आली’ म्हणत कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन हजर. त्या दारात लावा खुशाल, पण आधी सुनेची आयजीजी तपासणी करा, म्हणजे रक्तात कांजिण्यांशी लढणाऱ्या जुन्या, टिकाऊ अँटीबॉडी (संरक्षक प्रथिनं) आहेत का ते कळेल. उपाशीपोटी जायला नको. संपर्कानंतर लगेच घेतलेल्या रक्तात आयजीजी सापडलं, तर ते जुनंच संरक्षण. आयजीएमच्या, म्हणजे ताज्या संसर्गात दिसणाऱ्या अँटीबॉडीच्या, मागे लागू नका, त्यातून हे कळत नाही. आयजीजी नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा: तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन संपर्कापासून १० दिवसांच्या आतच देतात. लस गरोदरपणी चालत नाही. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत नातू मल्हारगंजला आत्याकडे. तिला होऊन गेल्यात, चेहऱ्यावर वण आहेत.