टोरांटोला निघालेल्या सोलापूरकरांसाठी: कॉन्डोची भानगड

ऑगस्ट जवळ आला की सोलापूरहून फोन सुरू होतात. "काका, डाउनटाउनला कॉन्डो बघालोय, वन प्लस डेन. चौघं मिळून राहतो की." कॉन्डो म्हणजे एकेक फ्लॅट वेगवेगळ्या मालकाचा असलेली इमारत किंवा त्यातला फ्लॅट; वन प्लस डेन म्हणजे एक बेडरूम आणि वर एक छोटा कोपरा. राहा बाबांनो, पण हे काचेचे टॉवर उभे कसे राहिले ते आधी ऐकून घ्या. भाडेकराराच्या निम्म्या भानगडी त्यातूनच निघतात.

किंग आणि स्पॅडायना या रस्त्यांच्या आसपास फिरलात तर लाल विटांच्या, मोठमोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती दिसतील. आत जाडजूड लाकडी खांब आणि पायाखाली फळ्यांची जमीन. या कापड शिवायच्या फॅक्टऱ्या. इथं कोट, टोप्या, फरचे कपडे तयार व्हायचे; कारागीर बरेचसे पूर्व युरोपातून आलेले ज्यू. आपल्या पूर्व भागात तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी मागावर बसली, त्यातलाच प्रकार. पुढं धंदा शहराबाहेर गेला, स्वस्त आयात मालानं उरलेला मोडला आणि 1990 च्या सुमारच्या मंदीनं कुलपं लागली. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बघितलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

गंमत अशी की इमारती रिकाम्या, पण तिथं कुणी राहायचं नाही. नियमानं ती जमीन उद्योगाची. 1996 मध्ये महापौर बार्बरा हॉल आणि नियोजन खात्याचे पॉल बेडफोर्ड यांनी हा हट्ट सोडला. शहरांच्या जाणकार जेन जेकब्स तेव्हा टोरांटोतच राहायच्या, त्यांचाही सल्ला घेतला. किंग-स्पॅडायना आणि किंग-पार्लमेंट या दोन भागांत मिळून सुमारे 400 एकरांवर त्यांनी ठरवलं की इमारतीचा आकार-उंची शहर बघेल; आत ऑफिस काढायचं, हॉटेल की घरं, ते मालकानं ठरवावं. पाठोपाठ 1997 मध्ये सीएन टॉवरच्या पायथ्याची रेल्वे यार्डाची जमीन काँकॉर्ड या बिल्डर कंपनीनं घेतली. आजची सिटीप्लेस ही टॉवरांची वसाहत ती हीच.

कॉन्डोचा कायदा तसा 1967 चा. ऐंशीच्या दशकात एक तेजी येऊन 1989 नंतर आपटलीही होती. तरी त्यानंतरच्या मोठ्या तेजीचं मूळ मी 1996 लाच धरतो. 2005 मध्ये ग्रीनबेल्टचा कायदा आला, शहराभोवतीच्या शेतजमिनीवर पसरायला आडकाठी झाली आणि बिल्डर आणखी वर चढले.

आता पैशाचं. साधारण 70 टक्के फ्लॅट आधी विकल्याशिवाय बँक बिल्डरला बांधकामासाठी कर्ज देत नाही. पाया खणायच्या आधी नकाशावर घर घेऊन चार-पाच वर्षं थांबणार कोण? लेकराबाळांचं कुटुंब नाही थांबत. थांबतो तो गुंतवणूकदार, आणि त्याला लहान, पटकन भाड्यानं जाणारा फ्लॅट हवा असतो. म्हणून खोल्या एवढ्याशा. त्यातली 'डेन' तर बहुतेक वेळा बिनखिडकीचा कोपरा. एक टेबल लावलं की खुर्ची मागं सरकवायला जागा नाही, आणि जाहिरातीत मात्र तिला दुसरी बेडरूम म्हणून खपवतात. चौघांचा विचार तिथंच सोडा.

दुसरं म्हणजे, तुमचा घरमालक कंपनी नसतो. तो एखादी नर्स असेल, एखादा ट्रकवाला असेल, त्याच्याही डोक्यावर हप्ता. तो परवडेनासा झाला की तो घर विकतो आणि घेणारा राहायला येतो म्हणतो, किंवा तो स्वतःच राहायला येतो म्हणतो. मग तुमच्या हातात एन-12 नावाची नोटीस पडते: 60 दिवसांची मुदत, आणि एक महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई त्यानं तुम्हाला द्यायची. घाबरून लगेच बॅगा भरू नका. वाद असेल तर बाहेर काढायचा हुकूम फक्त लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड, म्हणजे मालक-भाडेकरूंचे वाद ऐकणारं सरकारी मंडळ, देऊ शकतं, मालक नाही.

घर बघताना पहिला प्रश्न हा विचारा: इथं कुणीही पहिल्यांदा राहायला कधी आलं? 15 नोव्हेंबर 2018 नंतर असेल तर भाडेवाढीला सरकारी मर्यादा नाही. जुन्या इमारतीत आहे. 2025 साठी ती 2.5 टक्के होती. वाढ दोन्हीकडं बारा महिन्यांतून एकदाच, तीही 90 दिवस आधी लेखी कळवून. नवी चकाचक इमारत बघून भुलणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, एजंट तर नाहीच. मी स्वतः थोडी जुनी, लिफ्ट कुरकुरणारी इमारत निवडा म्हणेन.

डिपॉझिट म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडं मागता येतं, बस्स. "मोडतोडीसाठी दोन महिने" वगैरे आपल्याकडची पद्धत ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथं, बेकायदेशीर आहे. आपलाच मराठी माणूस मागत असला तरी. लाईट बिल भाड्यात आहे का, पार्किंग वेगळं आहे का, हे सगळं ऑन्टारिओच्या ठरलेल्या नमुन्याच्या करारात लिहून घ्या. सामान आणायच्या दिवसाची लिफ्टही मॅनेजमेंटकडं आधी बुक करावी लागते.

आणि जुळे सोलापुरात बसून, व्हॉट्सॲपवरचे फोटो बघून कुणाला पैसे पाठवू नका. खोटे मालक भरपूर आहेत. इथं कुणी ओळखीचं नसेल तर मराठी भाषिक मंडळात विचारा, कुणीतरी जाऊन दार उघडून बघून येईल. तोवर पहिले पंधरा दिवस कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये काढा.