दीक्षाभूमीवर ड्युटी आणि मधल्या वेळात इंग्रजी अमदानीचं नागपूर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आरोग्य शिबिराला बाहेरगावाहून येणाऱ्या डॉक्टर, नर्स आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना ड्युटी सोडून फार तर एक-दोन सकाळी आणि एखादी संध्याकाळ मोकळी मिळते. तेवढ्यात जुनं नागपूर बघून होतं, फक्त दिवस नीट निवडा. दसऱ्याच्या दिवशी आणि आदल्या संध्याकाळी फिरायचा बेत करूच नका. मुख्य स्टेशन आणि अजनीकडून येणारे रस्ते चालत निघालेल्या माणसांनी भरलेले असतात, दीक्षाभूमीच्या आसपास वाहनं अडवलेली असतात, आणि शिबिरात सगळ्यात जास्त हात तेव्हाच लागतात. एक दिवस आधी या किंवा एक दिवस मागे थांबा.

शहराचा नकाशा डोक्यात बसवायला सीताबर्डीची टेकडी धरा. आटोवाल्याला नुसतं ‘बर्डी’ म्हटलं तरी पुरे. टेकडीच्या पूर्वेला, रेल्वे रुळांपलीकडे, भोसल्यांचं महाल-इतवारी. पश्चिमेला आणि उत्तरेला इंग्रजांनी वसवलेलं सिव्हिल लाइन्स आणि सदर. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, पुढे राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. सरकारी इमारतींची एवढी गर्दी इथे का, त्याचं उत्तर त्यात आहे. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. ऑक्टोबरात फाटकापर्यंत जाऊन हात हलवत परत येणारे दरवर्षी असतात. तुम्ही पायथ्याच्या टेकडी गणपतीपर्यंत जा आणि तिथूनच वर बघा.

सकाळची फेरी साडेसहाला सुरू करा. ऑक्टोबरात नऊनंतर ऊन चटके देतं आणि दहाला कचेऱ्यांची गर्दी सुरू होते. मेट्रोच्या ऑरेंज लाइनने झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनला उतरा. झिरो माइल या अंतरं मोजण्याच्या इंग्रजी खुणेपाशी असलेला वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे सगळेच बघतात. तुम्ही शेजारच्या दगडावर कोरलेले आकडे वाचा. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं १९०७ चं उंचीचं मानचिन्हही इथेच आहे. ‘देशाचा बरोब्बर मध्य’ ही ख्याती मात्र फारशी मनावर घेऊ नका.

तिथून विधानभवन, मग जीपीओ (मुख्य टपाल कार्यालय), मग उच्च न्यायालय. सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल धरलं तरी चालणं तीन-चार किलोमीटरांचं. घाई असेल तर बाकी सगळं गाळा, उच्च न्यायालय गाळू नका. नवी दिल्लीच्या बांधकामावर काम केलेल्या हेन्री मेड यांनी ते आखलं आणि १९४० मध्ये ते सुरू झालं. फोटो रस्त्यावरूनच काढा. न्यायालय, विधानभवन आणि किल्ला या तिन्ही ठिकाणी फाटकाजवळ मोबाईल उंचावला की पहारेकरी हटकतात. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद असतं. सरकारी सुट्टीच्या दिवशी जायचं असेल तर आधी चौकशी करा.

या भागात दगड आहे, झाडं आहेत, रुंद रस्ते आहेत, पण रंग बघायचा तर रुळांपलीकडेच जावं लागतं. संध्याकाळी बर्डीला गाडी बदलून अ‍ॅक्वा लाइनने चितार ओळ चौकात उतरा. मूर्तिकारांची ही जुनी वस्ती. दसऱ्यापर्यंत देवीच्या मूर्ती गेलेल्या असतात आणि कोजागरीच्या भुलाबाई, दिवाळीच्या लक्ष्मी रांगेत असतात: आधी अंगाचा रंग, मग साडीचा काठ, डोळे अगदी शेवटी. डोळे रंगवताना कारागिराच्या उजेडात उभं राहू नका आणि विचारल्याशिवाय फोटो घेऊ नका. तिथून गांधी गेट आणि महालातल्या गल्ल्या पायीच बऱ्या.

खाण्याचं एवढंच. सकाळी तर्री पोहे, तर्री म्हणजे तिखट रस्सा वेगळा मागून घ्या. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, कुठेही चालेल. सावजी मटण मात्र ड्युटी पूर्ण संपल्यावरच. त्या तेल-तिखटाची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी तुम्हीच शिबिरातले पेशंट व्हाल.

ड्युटीवर परतताना वेळ मोजून निघा. दीक्षाभूमीसाठी रहाटे कॉलनी स्टेशन सोयीचं. पुढचं अंतर एरवी पंधरा-वीस मिनिटांचं, गर्दीत दुप्पट धरा. अ‍ॅप्रन घालून शहरात फिरू नका. कपड्यांबरोबर जंतूही फिरतात, शिवाय रस्त्यात कोणी थांबवून औषध विचारलं तर तुमच्याकडे ना नोंदवही असते ना सामान. ओळखपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत खिशात ठेवा.

तंबूत दोन चुका हटकून होतात. मैलोगणती चालून आलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजलं की ते वाढलेलंच दिसतं. आधी पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसू द्या. दुसरी चूक ओआरएसची: मोठं पाकीट एका लिटर पाण्याचं असतं, ते एका ग्लासात कालवलं की क्षार फार दाट होतात आणि उलटी-जुलाब वाढू शकतात. लिटरची बाटली समोर ठेवून कालवा. रुग्ण पुढे पाठवायचा असेल तर चिठ्ठीवर ‘मेडिकल’ की ‘मेयो’ ते ठळक लिहा. पहिलं मेडिकल चौकात, दुसरं स्टेशनच्या पूर्वेला सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर. दोन्ही सरकारी रुग्णालयं आहेत आणि रुग्णासोबत आलेला माणूस बहुधा गावाकडचाच असतो, त्याची गल्लत सहज होते.